हजार ओहमचा माणूस

एस्तेर,

रूथ म्हणाली, मावशी, मम्मीबद्दल शोकसभेत वाचायला काहीतरी लिहून दे, मराठीतच लिही. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, प्रमोशनं, सगळं तुझ्या लेकीने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. मी वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. त्या माहितीतली बाई मला ओळखीची वाटेना. तुझं पद काय होतं ते मला अजून धड सांगता येत नाही, आणि कुठल्या साली रिटायर झालीस ते तुलाही आठवायचं नाही. सभेत मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. आता लिहितेय ते सभा होऊन गेल्यावर, कारण त्या दिवशी बिमला आली होती. तिने मला अशी एक गोष्ट सांगितली, जी तू इतक्या वर्षांत एकदाही सांगितली नाहीस. पण ते नंतर. आधी जरा बसू दोघी.

तू मला पहिल्यांदा दिसलीस ती दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरांच्या खाली, मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी वाद घालताना. हिंदीत तावातावाने बोलता बोलता मध्येच 'अय्या' म्हणालीस, आणि मी वरच्या गॅलरीतून ओरडले, कुठल्या गं तुम्ही? नगरच्या, म्हणालीस. एशियाड नुकतंच होऊन गेलं होतं, माझ्या ह्यांची बदली होऊन आम्हाला थोडेच दिवस झाले होते, आणि मला दिल्लीत अजून कुणी आपलं वाटत नव्हतं. त्या संध्याकाळी तू जुडी घेऊनच वर आलीस. आपण दोघींनी ती निवडली आणि निम्मी निम्मी केली. तुझ्या घरी येशूची तसबीर, माझ्या घरी गणपती, आणि दोन्ही घरांत नाताळ-दिवाळीला करंज्या. तुझ्या करंज्या जास्त खुसखुशीत व्हायच्या. हे मी तू असताना कबूल केलं नाही, आता करते.

ह्यांनी तुला पहिल्याच चहाला विचारलं, आपण करता काय? तू म्हणालीस, माणसाला शॉक लागला तर त्याच्या अंगातून किती करंट जाईल ते काढते. हे म्हणाले, म्हणजे लागल्यावर चौकशी? तू म्हणालीस, छे हो, लागायच्या आधी. ह्यांचा बशीतला चहा तसाच राहिला. मग तू आम्हाला समजावून सांगितलंस की सबस्टेशनात, मोठ्या टॉवरांच्या आसपास, जिथे वरवर काहीच धोका दिसत नाही तिथेही जमिनीतून, खांबातून, कुंपणातून माणसाला झटका बसू शकतो. तो किती, हे आधीच काढून ठेवायचं आणि मग उपाय करायचा. यार्डात खडी पसरतात ती शोभेला नव्हे, पायाखाली आडकाठी म्हणून, हे मला तेव्हा कळलं. पानिपतच्या रस्त्याने जाताना एखाद्या यार्डात खडीतून गवत वर आलेलं दिसलं की तू गाडी थांबवायला लावायचीस. आम्ही गाडीत पराठे खात बसायचो आणि तू गेटवरच्या माणसाला झापून यायचीस.

तुमच्या ऑफिसातला तो माणूस आठवतो? करंगळीच्या पेरापेक्षा लहान, हजार ओहमचा रेझिस्टर. दोन चिमट्यांमध्ये तो अडकवायचा, एक टोक कुंपणाला, दुसरं जमिनीला, की झाला माणूस. त्याच्यातून जेवढा करंट जाईल तेवढा माणसातून जाईल असं धरायचं. तुझा ड्रायव्हर सकाळी गाडी काढताना विचारायचा, मैडम, आदमी रख लिया पेटी में? तुझं मात्र त्या माणसाशी कधी पटलं नाही. पुस्तकं लिहिली कुणी, मोजलं कुणाला, असं तू पुटपुटत असायचीस. त्यांचा माणूस धट्टाकट्टा, कोरडा, बूट घातलेला. यात आपली बाई कुठे आहे, कुंदा?

आपली बाई शोधायला तू माझ्या हळदीकुंकवाला आलीस. संक्रांतीला तुझं येणं ठरलेलंच होतं. तुला कुंकू नाही, अत्तर आणि तिळगूळ, हे आपण कधी बोलून ठरवलं नव्हतं. त्या वर्षी तू पर्समधून सेलवर चालणारं मीटर काढलंस, तांब्याच्या दोन पट्ट्या काढल्यास आणि म्हणालीस, आज कॉलनीतल्या सगळ्या बायका तुझ्याकडे येणार, मला एकेकीला दोन मिनिटं दे. मी कपाळाला हात लावला. तुला नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. बायका आधी बिचकल्या, मग खिदळत रांगेत उभ्या राहिल्या. एका पट्टीवर अनवाणी पाय, दुसरी हातात, आधी कोरडी, मग मिठाच्या पाण्यात बुडवून. सगळं झकास चाललं होतं. आणि तू वरच्या मजल्यावरच्या काकूंना म्हणालीस, ती जोडवी जरा काढून ठेवता का?

अगं, खोलीत पंखा नव्हता तरी गार वारा सुटला. सवाष्णीच्या हळदीकुंकवात सवाष्णीला जोडवी काढायला सांगणारी तू पहिली आणि शेवटची. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. तू आपली मीटर हातात घेऊन सगळ्यांकडे बघतेयस, काय चुकलं ते तुला कळेना. शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, एस्तेर, शेतात पाणी द्यायला जाणारी बाई काय जोडवी काढून जाते? मग जोडव्यांसकट मोज की. तू म्हणालीस, बरोबर आहे, जशी आहे तशीच मोजायला पाहिजे. काकूंची माफी मागितलीस, त्यांच्या हातावर जास्तीचा तिळगूळ ठेवलास, आणि मोजणी पुढे चालू झाली. विजेला अडवण्याचा सगळ्यांत कमी आकडा माझा निघाला, कारण मी मधून मधून कपबशा विसळत होते. तू सगळ्या बायकांसमोर जाहीर केलंस की तारेला हात लागला तर सर्वांत जास्त करंट कुंदातून जाईल. कितीतरी महिने जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई मला त्यावरून चिडवत होती.

तुझ्यात एक खोड होती आणि ती मला शेवटपर्यंत सहन झाली नाही. मोजल्याशिवाय तू कशावर विश्वास ठेवायची नाहीस. रूथला ताप आहे हे तिच्या कपाळाला हात लावून कळायचं, तरी तू थर्मामीटर शोधत बसायचीस. एकदा माझ्या न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून मी तुला बोलावलं. तू पेटी घेऊन आलीस, इथे तिथे चिमटे लावलेस आणि म्हणालीस, शून्य आहे, वहम आहे यार. मी म्हटलं, अगं मला लागलं ना. तू म्हणालीस, लागलं असेल, पण नाहीये. हे असलं वाक्य तूच बोलू जाणे.

मग बिमलाचं प्रकरण आलं. पानिपतच्या रस्त्यापासून आत एक गाव, गावाच्या शेतांवरून मोठी लाइन नव्याने गेलेली. बिमला तिथली नवी सून, कडेवर तान्हा मुलगा. शेतात पाणी सोडलेलं, ती अनवाणी चिखलातून बांधाकडे येत होती. तोल सावरायला तिने कुंपणाची तार धरली आणि तिला असा झटका बसला की मूल कडेवरून सुटून पाण्याच्या पाटात पडलं. कुणीतरी लगेच उचललं म्हणून वाचलं. पण घरात वेगळंच सुरू झालं. सासू म्हणाली, तारेत काही नाही, हिलाच मुलाचं भान नाही. मूल सुनेच्या हातून काढून घेतलं. दूध पाजायला तेवढं द्यायची, तेही समोर बसून, आणि पुन्हा उचलून न्यायची. बिमलाने नवऱ्याच्या मागे लागून तक्रार करवली. ऑफिसातून दोघे जण जाऊन आले, मीटर लावलं, काटा हलला नाही. कुंपणात काही दोष नाही, असं सांगून ते निघून गेले. म्हणजे सून खोटारडी, हे सरकारनेच ठरवून दिल्यासारखं झालं.

ते कागद तुझ्या टेबलावर आले आणि तू तारीख बघून उडालीस. मावठं पडून गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे दोघे गेलेले, पायात जाड बूट. तू मला माझ्याच स्वयंपाकघरात लाटण्याने ओट्यावर रेघा ओढून दाखवलंस. ही वरची लाइन, हे खाली तिच्याबरोबर लांबच लांब गेलेलं कुंपण, लाकडी खांबांवर. वरच्या तारेला कुणी शिवत नाही, तरी खालच्या तारेत वीज उतरते आणि वाट बघत बसते. खांब ओले असले की ती खांबांतूनच जमिनीत निघून जाते, मग मीटरला काय दिसणार? खांब कोरडे, पण पायाखाली चिखल, अशा दिवशी मात्र ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. बिमलाचा दिवस तसाच होता. तू म्हणालीस, मी जाणार, कोरड्या दिवशी, शेतात पाणी सोडलेलं असताना.

गेलीस आणि आलीस. आल्यावर माझ्याकडे बसलीस, पण चहाला हात लावला नाहीस. म्हणालीस, कुंदा, तिला तिचं पोर देत नाहीत गं. मी म्हटलं, तुझा विश्वास आहे ना तिच्यावर? मग सांगून यायचं होतंस सासूला तसं, मोठ्या ऑफिसातली बाई तू, ऐकलं असतं तिने. तू म्हणालीस, माझ्या विश्वासाला काय किंमत आहे, आकडा लागतो. साहेब आकडा मागणार. मी चिडले. म्हटलं, तिच्या घरात साहेब नाही राहत, सासू राहते. हातच्या काकणाला आरसा कशाला? बाई म्हणते झटका बसला, तर बसला. त्यावर तू काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"तू शाळेत मुलं म्हणतात म्हणून मार्क देतेस का?"

मी पहाडगंजला शाळेत शिकवायचे, आणि माझ्या शाळेवर कुणी गेलं की माझं डोकं फिरायचं हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, जा, तुझी पेटी घेऊन जा. तू गेलीस. आपण होळीपर्यंत बोललो नाही. तुझ्या घरचा डबा रूथच्या हातून यायचा, माझा तिच्याच हातून परत जायचा, आणि पोरगी बिचारी जिन्यात दोन्हीकडून खायची.

तेवढ्या काळात तू तुझा आकडा काढलास. लाइनची उंची, कुंपणाची लांबी, ओला चिखल, अनवाणी पाय, कडेवर मूल. निष्कर्ष असा निघाला की मरण्याइतका करंट नाही, हात तारेला चिकटून राहील इतकाही नाही, पण हात झटकला जाईल इतका नक्की. हे तू साहेबांपुढे ठेवलंस. साहेब म्हणाले, लिमिट के अंदर है, बात खतम. तेव्हा तू म्हणालीस,

"सर, वो लिमिट मरने की है. बच्चा हाथ से छूटने की लिमिट किस किताब में लिखी है?"

हे मला तू सांगितलं नाहीस. तुझ्या ड्रायव्हरने खाली उभं राहून सगळ्या कॉलनीला सांगितलं. त्यानंतर साहेबांनी ते कागद बरेच आठवडे दाबून ठेवले आणि तू रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहायला लागलीस. शेवटी त्यांनी कंटाळून सही केली. त्या कुंपणाला ठिकठिकाणी जमिनीत सळया ठोकून तार जोडली, वीज आपल्या वाटेने जमिनीत जायला लागली. होळीला तू पुरणपोळ्या मागायला म्हणून दारात आलीस आणि म्हणालीस, झालं काम. मी विचारलं, आणि पोर? म्हणालीस, दिलं म्हणे तिला. मी म्हटलं, कसं काय? तू म्हणालीस, रिपोर्टमुळे, दुसरं काय. आणि वर म्हणालीस, बघ, शेवटी आकडाच उपयोगी पडला की नाही? मी हरले. तुला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

पुढे बिमला दर थंडीत यायची. गाजरं, सरसोंची जुडी, एकदा पांघरायचं पानिपतचं जाड खेस, आणि बरोबर तो मुलगा, दर वर्षी थोडा उंच झालेला. तू तिला कधी फार बोलू द्यायची नाहीस. चहा पाजायचीस, मुलाच्या अभ्यासाचं विचारायचीस आणि रवाना करायचीस. मला वाटायचं, कौतुक करून घ्यायला लाजतेस. मी तर तुझी ही गोष्ट शाळेत दर वर्षी सांगायचे. एका अचूक आकड्याने आईला तिचं मूल परत मिळालं, म्हणून गणित नीट करा रे. किती मुलांना सांगितली असेल.

मग क्वार्टर सुटली, तुम्ही नोएडाला गेलात, आम्ही द्वारकेला. मेट्रोने तासभराचं अंतर, तरी महिन्यातून एकदा आपलं ठरलेलं. तू गेल्यावर मला पहिल्यांदा हे जाणवलं की तुझं सगळं आयुष्य न झालेल्या गोष्टींत गेलं. कुणी मेलं नाही, कुणाचं मूल पडलं नाही, आणि जे झालंच नाही त्याबद्दल तुझे आभार कोण मानणार? मी मानते. उशीर झालाय, पण मानते. आणि तुझी आठवण येते गं. फार येते. परवा करंज्यांचं पीठ मळताना मीठ किती विचारायला फोन हातात घेतला, मग तसाच ठेवला.

हॉस्पिटलात तुझ्या छातीवर, मनगटांवर वायरी लावल्या होत्या, मशीनवर रेघा उमटत होत्या. मी रडायच्या बेतात, आणि तू हळूच म्हणालीस, बघ, आता माझ्यातला करंट मोजतायत. तिथली नर्स हसली. त्या दिवशी आपण खूप बोललो, रूथबद्दल, ह्यांच्या गुडघ्यांबद्दल, नगरच्या घराबद्दल. बिमलाचं नाव निघालं तेव्हा तू खिडकीकडे बघायला लागलीस. मला वाटलं थकलीस.

आता ऐक. सभा संपल्यावर चर्चच्या हॉलच्या पायऱ्यांवर बिमला बसली होती. मुलगा गाडीने घेऊन आला होता, तोच मुलगा, आता त्याचेही केस विरळ झालेत. मी तिच्याशेजारी बसले आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, मैडम के रिपोर्ट से आपका बच्चा वापस मिला था न. तिने मान हलवली. रिपोर्ट तो बहुत बाद में आई, म्हणाली. मैडमजी ने तो उस दिन पेटी खोली भी नहीं थी.

आणि मग तिने सांगितलं. शेतात पाणी सोडलेलं, सासू बांधावर उभी, घरातले चार पुरुष उभे, बिमला डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बाजूला. तू कुणालाच काही विचारलं नाहीस. चपला काढल्यास, साडी खोचलीस, चिखलात उतरलीस. बिमलाच्या डोक्यावरचा भारा उतरवून तू आपल्या कडेवर घेतलास, मूल घेतात तसा, आणि दुसरा हात सरळ तारेला लावलास. भारा पाटात पडला. तू वळून सासूकडे बघितलंस आणि म्हणालीस,

"माँजी, मेरे हाथ से भी गिर गया."

त्याच संध्याकाळी सासूने मूल आणून बिमलाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हशीकडे निघून गेली. तोपर्यंत तुझी गाडी गावातून निघून गेली होती.

एस्तेर, ओल्या हाताने इस्त्रीला हात लावला म्हणून मला दोन दिवस बोलणारी तू. हातमोजा नाही, मोजमाप नाही, अनवाणी चिखलात उभी राहून तार धरलीस. मूर्ख कुठली. काही झालं असतं म्हणजे? आणि नंतर माझ्यासमोर बसून मला आकड्यांचे धडे दिलेस, होळीपर्यंत अबोला धरलास, पण हे सांगितलं नाहीस. एका शब्दाने तू ते भांडण मिटवू शकली असतीस. तार धरण्याआधी तू मनातल्या मनात हिशोब केला असशील, असं मी स्वतःला सांगते, कारण नाहीतर मला झोप येत नाही.

पण मला खरं छळतंय ते वेगळंच. झटका तर बसला असेलच, तुझाच आकडा तसं सांगतो. पण तू तयारीत होतीस, सावध होतीस, कुठे काय होणार हे तुला माहीत होतं. अशा बाईच्या कडेवरून भारा पडतो का? तुझा भारा पडला, की तू पाडलास? आयुष्यात एकही आकडा वरखाली न करणारी तू. पडला असता, तर तू मला त्याच रात्री ऐटीत सांगितलं असतंस, बघ, करून पाहिलं. तू सांगितलं नाहीस. बिमलाला कधी बोलू दिलं नाहीस. त्या हॉस्पिटलात खिडकीकडे बघत राहिलीस.

मला राहवलं नाही. मी बिमलालाच विचारलं, भारा खरंच पडला होता का, की मैडमनी सोडला? तिने पदर सारखा केला. खाली गाडीपाशी उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं. मग म्हणाली,

"दीदी, इतने बरस मैं उनके घर आई. ये बात मैंने उनसे कभी नहीं पूछी."

मग मीही नाही विचारत.